गाडी न चालवता, दोघांनी : उतारवयातल्या छोट्या प्रवासाचं नियोजन

(मुदखेड येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सहलीवर काय बोलायचं? सहलीचं बोलायला ट्रॅव्हल्सवाले आहेत की. खरं आहे. पण ट्रॅव्हल्सवाले कुठे जायचं ते सांगतात, कसं ठरवायचं ते सांगत नाहीत. ठरवणं हा मात्र आमच्या विषयाचा अडीच हजार वर्षांचा जुना प्रश्न आहे.

प्रश्न साधा मांडू. नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या आसपास. गाडी चालवता येत नाही. किंवा येत होती, पण आता डोळे चालवू देत नाहीत, नाहीतर मुलं चालवू देत नाहीत. तीर्थयात्रा नाही, लग्नकार्य नाही, दवाखान्याचं काम नाही. नुसतं चार दिवस दोघांनी कुठेतरी जाऊन यायचं आहे. कसं जायचं?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर म्हणजे "बघू, पोरगा सुट्टीवर आला की जाऊ." पोरगा येतो, त्याची चार दिवसांची सुट्टी बँकेत, शेतात आणि पाहुण्यांत संपते, आणि आपण पुन्हा "बघू" म्हणतो. दोन-चार वर्षं अशी गेली की दोघांपैकी एकाचे गुडघे उत्तर देतात. पुढे दोघांपैकी एकच उरतो. हे कडू वाटेल, पण चार दिवसांच्या सहलीचा विचार आज गंभीरपणे करायचा तो याचसाठी. पैसा पुन्हा मिळू शकेल, सुट्टीही मिळेल, जोडीचे दिवस मात्र मोजकेच असतात.

आणि मुदखेडकरांनी गाडी नाही म्हणून अडून बसावं, हे तर नवलच. आपण जंक्शनवर राहतो. एक रूळ नांदेड-परभणीवरून मनमाडकडे जातो, एक उमरी-धर्माबाद-बासरवरून निजामाबादकडे, आणि एक भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे. ज्या गावाला तीन दिशांचे रूळ आहेत, तिथल्या माणसाने स्टिअरिंगची वाट बघायची गरज नाही.

आधी "कशासाठी?"

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात एक मुद्दा मांडला आहे. माणूस खल करतो तो साधनांचा, साध्याचा नाही. वैद्य रोग्याला बरं करावं का, यावर विचार करत बसत नाही. कसं बरं करावं, यावर करतो. साध्य ठरलेलं असतं.

सहलीच्या बाबतीत मात्र आपली गंमत होते. साध्य ठरलेलंच नसतं आणि आपण थेट साधनांवर उडी मारतो. कोणती गाडी, कोणतं हॉटेल, किती पॉइंट. मुळात कशासाठी जायचंय, हे दोघांनी एकमेकांना विचारलेलं नसतं. आमच्या पिढीत तर चाळीस-पन्नास वर्षं संसार करूनही "तुला काय बघायचंय?" हा प्रश्न बायकोला विचारला गेला नाही, अशी घरं कितीतरी आहेत. जिथे सगळे गेले तिथे तीही गेली. गेली तिथेही डबे तिने भरले, कपडे तिने वाळत घातले, औषधांच्या वेळा तिने सांभाळल्या. म्हणजे स्वयंपाकघर तेवढं पिशवीत आलं. सुट्टी नेमकी कुणाची झाली?

म्हणून आम्ही दोघांनी एक रीत ठेवली आहे, ती सुचवतो. दोघांनी दोन वेगळ्या कागदांवर तीन-तीन गोष्टी लिहायच्या. ठिकाणांची नावं नकोत, काय करावंसं वाटतं ते लिहायचं. "सकाळी कुणी उठवू नये." "जुनं कोरीवकाम निवांत बघावं." "आयतं गरम जेवण मिळावं." "चार दिवस कुणाचा फोन नको." मग कागद अदलाबदल करायचे. दोन्ही कागदांतून जे समान निघेल ते सहलीचं साध्य. उरलेल्यांतलं प्रत्येकाचं एक-एक घ्यायचं. इथे मतभेद होतात. होऊ द्यावेत, ते घरी बसून झालेले परवडतात.

माप कुणाच्या पावलाचं?

दुसरी पायरी. दोघांपैकी एकाचं पाऊल नेहमी हळू असतं. कुणाचे गुडघे, कुणाचा दम, कुणाचा मधुमेह. योजना नेहमी हळू चालणाऱ्याच्या पावलाने आखायची. उलटं केलं, तर एक जण घाई करत राहतो, दुसरा ओशाळत राहतो, आणि तिसऱ्या दिवशी दोघं बोलेनासे होतात.

याचा उत्तम नमुना आपल्याकडे शेकडो वर्षं डोळ्यांसमोर आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला निघते. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, अठरा-वीस दिवस. त्यात सत्तरी-ऐंशी गाठलेले वारकरी असतात, आणि ते पोहोचतात. कसे? कारण रोजची मजल ठरलेली, दुपारचा विसावा ठरलेला, रात्रीचा तळ ठरलेला. आणि बघा, पुण्याहून सासवडची मजल फार मोठी, तिच्यात दिवे घाट चढायचा. म्हणून पालखी पुण्यात दोन दिवस थांबते, आणि घाट चढून गेल्यावर सासवडलाही दोन मुक्काम करते. अवघड मजलेच्या आधी विश्रांती, नंतर विश्रांती. हे कुणा प्रवासी कंपनीने शोधलेलं नाही.

आपल्याला यातून तीन नियम मिळतात. मुक्काम एकच ठेवा, रोज खोली बदलू नका. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवा. आणि दमवणाऱ्या दिवसाला लागून एक मोकळा दिवस ठेवा.

या जोडीला आमचा एक लहानसा निकष आहे. योजना कागदावर मांडली की प्रत्येक दोन तासांसमोर लिहा : या वेळी आपण कुठे बसलेलो असू? आणि जवळ शौचालय कुठे असेल? हसू नका. या वयात ही लाजायची बाब राहत नाही. प्रवासात जाता येणार नाही म्हणून कितीतरी बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी चक्कर येते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. रेल्वे बरी का, याचं पहिलं कारण हेच. डब्यात शौचालय असतं, उठून चार पावलं टाकता येतात, पायांना सूज कमी येते. मोटारीत सहा तास एका जागी आखडून बसण्यापेक्षा आपल्या सांध्यांना रूळच मानवतात.

एक उदाहरण : मुदखेड ते वेरूळ

आता प्रत्यक्षात उतरू. चार रात्रींची सहल, मुक्काम छत्रपती संभाजीनगर, मुख्य गोष्ट वेरूळ.

वार आधी ठरवू, तारीख नंतर. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. वेरूळला लागूनच घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग आहे, तिथे सोमवारी गर्दी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर विचारू नका. शनिवार-रविवारी शाळांच्या सहली आणि कुटुंबं. म्हणजे निवांतपणा हवा असेल तर उरले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवाळीची आणि नाताळची सुट्टी वगळून. पावसाळ्यात डोंगर हिरवा होतो, धबधबे सुरू होतात, देखणं असतं, पण दगड निसरडा होतो. पडण्याची भीती असलेल्याने तो मोह टाळावा.

आता जायचं कसं? मुदखेडला थांबणाऱ्या गाड्या बऱ्याच आहेत. पण देवगिरी एक्सप्रेस किंवा अजिंठा एक्सप्रेसने निघालात, तर संभाजीनगर रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे येतं. तरुणाला त्याचं काही नाही. आपल्याला अर्धवट झोपेत, अनोळखी फलाटावर, बॅग घेऊन उतरायचं असतं. ते नको. दिवसाची गाडी धरा.

दिवसाचे दोन मार्ग आहेत. एक, धर्माबाद-मनमाड मराठवाडा एक्सप्रेस. ती थेट मुदखेडहून मिळते, पण पहाटे. आपल्यातल्या अनेकांना चारला जाग येतेच, त्यामुळे ते जमेल. फक्त संभाजीनगरला सकाळीच पोहोचल्यावर खोली मिळेल का, हे आधी फोन करून विचारा. बऱ्याच ठिकाणी खोली दुपारी बाराच्या पुढे देतात. दुसरा मार्ग, इथून नांदेडला जाऊन तिथून सकाळी दहाच्या सुमारास सुटणारी तपोवन एक्सप्रेस. चार-साडेचार तासांत संभाजीनगर. नाश्ता करून, गोळ्या घेऊन, पोट साफ करून निघता येतं, आणि पोहोचता तेव्हा खोली तयार असते. यात एक गाडीबदल वाढतो. हळू चालणाऱ्याला विचारा, की पहाट जड की गाडीबदल जड? त्याचं किंवा तिचं उत्तर ते अंतिम.

नांदेडहून आता वंदे भारतही सुटते. वेगवान आहे, आरामशीर आहे. पण ती पहाटे पाचच्या सुमारास निघते. ती गाठायला मुदखेडहून किती वाजता उठायचं आणि त्या वेळी नांदेडला कशाने जायचं, हा हिशेब केला की वाचलेला वेळ खर्ची पडलेला दिसतो. वेळा बदलत असतात, म्हणून तिकीट काढताना नव्या वेळा बघून घ्या. ठरवायची पद्धत मात्र तीच ठेवा.

तिकिटातल्या बारीक गोष्टी

रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सवलत होती, पुरुषांना ४० टक्के आणि स्त्रियांना ५० टक्के. ती मार्च २०२० मध्ये थांबली. पण एक सोय शिल्लक आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. रात्रीच्या प्रवासासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया, एकटे किंवा एका तिकिटावर फार तर दोघं, यांना तो मिळतो. मुलगा-सून-नातवंडं सगळ्यांचं एकत्र तिकीट काढलं की हा कोटा लागू होत नाही, आणि आजोबा वरच्या बर्थकडे बघत उभे राहतात. आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करा.

एसटीत मात्र आपण श्रीमंत आहोत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना निम्मं तिकीट. वयाचा पुरावा जवळ ठेवा, इतकंच. तेव्हा गाडीभाडं परवडत नाही, ही सबब निदान एसटीच्या बाबतीत चालणार नाही.

एसटीची अडचण निराळी आहे, तिची पहिली पायरी. ती उंच असते. ज्याचे गुडघे दुखतात त्याला तिकिटाच्या पैशापेक्षा ती पायरी महाग पडते. त्यासाठी आम्ही सांगतो, की स्वतः गाडी चालवत नाही याचा अर्थ कधीच गाडीत बसायचं नाही, असा नाही. चार दिवसांपैकी एका दिवशी ऑटो किंवा मोटार ठरवली तर व्रत मोडत नाही. वेरूळ संभाजीनगरपासून ३० किलोमीटरच्या आसपास आहे. जाताना ताजेतवाने असता, मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीने जा. येताना दमलेले असता, तेव्हा गाडी करा.

दिवस कसे लावायचे

पहिला दिवस, बुधवार : फक्त प्रवास. पोहोचून आंघोळ, झोप, संध्याकाळी जवळपास फेरी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरून आणली असेल तर ती याच दिवशी संपवा. पुढचे दिवस तिला चूल दिसता कामा नये.

दुसरा दिवस, गुरुवार : वेरूळ. लेणी एकूण ३४. पहिली बारा बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायची नाहीत. सोळाव्या क्रमांकाचं कैलास हे आपलं काम. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात, पहिल्या कृष्णराजाच्या नावाशी जोडलेलं हे मंदिर एकाच डोंगरातून वरून खाली कोरत आणलं. कळस आधी, पाया शेवटी. ते बघायला डोंगर चढावा लागत नाही, प्रवेशापासून ते समोरच आहे. अंगणातल्या सावलीत बसा. तासभर बसा. या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून सकाळी तिथे सावली आणि गारवा असतो, आणि दुपार कलली की ऊन आत उतरून कोरीवकाम उजळतं. ज्याला ऊन सोसत नाही त्याने सकाळ घ्यावी, ज्याला उजेड हवा त्याने तीननंतरची वेळ.

अंगात ताकद असेल तर दहावं लेणं, विश्वकर्मा, बघा. त्याचं छत लाकडी वाशांसारखं दगडात कोरलंय. बारावं, तीन मजल्यांचं, खालून बघा. जिना चढू नका. जैन लेणी किलोमीटरभराहून लांब आहेत, तिथे वाहनानेच जा. आणि एक सांगतो. अंधाऱ्या लेण्यात शिरल्यावर तरुण डोळे लवकर सरावतात, आपल्या डोळ्यांना वेळ लागतो. आत गेल्या-गेल्या पाऊल टाकू नका. भिंत धरून थोडा वेळ थांबा. आधी पायाखालचं दिसू द्या, मग मूर्ती.

घृष्णेश्वराचं दर्शन याच दिवशी होतं. आजचं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभं केलेलं आहे. गाभाऱ्यात पुरुषांना अंगरखा काढून जावं लागतं, तेव्हा थंडीत उपरणं जवळ असू द्या.

तिसरा दिवस, शुक्रवार : मोकळा. हा सासवडचा मुक्काम समजा. उशिरा उठा. संध्याकाळी वाटलं तर बीबी का मकबरा. बागेत बसायला जागा आहे, आणि एका मुलाने आईच्या आठवणीत बांधलेली वास्तू आहे, तेवढं मुलांना फोनवर सांगा. नाहीतर पाणचक्की. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून शहरात आणून त्यावर जातं फिरवलं, ती युक्ती आजही डोक्याला खाद्य देते.

चौथा दिवस, शनिवार : देवगिरी, पण फक्त खालून. वर जायला शेकडो पायऱ्या आणि मध्ये ती अंधारी. खालच्या तटांमधून चाला, चांदमिनार बघा, एखाद्या ओट्यावर बसून डोंगराच्या तासलेल्या कड्याकडे बघा. याच ठिकाणी १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी आणायची ठरवली आणि दिल्लीतल्या मंडळींना इकडे चालायला लावलं. हळू चालणाऱ्याला न विचारता आखलेल्या प्रवासाचं याहून मोठं उदाहरण आम्हाला माहीत नाही. पुढे राजधानी परत दिल्लीला न्यावी लागली.

पाचवा दिवस : परत. मुंबईहून येणारी तपोवन दुपारी संभाजीनगरला असते आणि संध्याकाळी नांदेडला सोडते. घरी पोहोचून दिवा लावता येतो.

अजिंठ्याचं काय?

आता तुमच्या मनातला प्रश्न. एवढं लांब जाऊन अजिंठा नाही? लोक काय म्हणतील?

अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर. एसटीने जायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच. फाट्यावर उतरून लेण्यांपर्यंत दुसरी बस. मग पायऱ्यांची चढण, वाघूर नदीच्या वळणावर नालाच्या आकारात पसरलेली लेणी, ओळीने सगळी गाठायची तर भरपूर चाल. डोली मिळते, ती घ्यायला संकोच करू नये. पण एका दिवसात जाऊन येणं या वयात म्हणजे सहा तास बस आणि दोन तास अजिंठा. चित्रांपुढे उभे राहता तेव्हा डोळे उघडे असतात, मन खोलीवरच्या गादीत असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, या खेपेला अजिंठा नाही. अजिंठ्याची वेगळी सहल करा, पायथ्याशी फर्दापूरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, तिथे रात्र काढा, सकाळी ताज्या पायांनी पहिलं आणि दुसरं लेणं बघा, जमलं तर सोळावं-सतरावं. पद्मपाणी पहिल्याच लेण्यात आहे, त्याच्यासाठी शेवटपर्यंत चालावं लागत नाही.

वगळणं हे नियोजनातलं सगळ्यात अवघड काम आहे. बघितलेल्या ठिकाणांची यादी लोकांना सांगता येते. कैलासाच्या अंगणात दोघांनी एक शब्द न बोलता काढलेला तास सांगता येत नाही. पण आपण कागदावर काय लिहिलं होतं ते आठवा. यादीसाठी निघालो होतो का?

हेच माप परदेशात

मुलगा किंवा मुलगी विलायतेत, अशी घरं आता आपल्या भागातही आहेत. आई-बाप तिकडे जातात, आणि मुलं म्हणतात, "चला, तुम्हाला स्कॉटलंड दाखवतो." कधी मुलांना रजा नसते आणि ती म्हणतात, "तुम्ही दोघंच जाऊन या." मग घाबरायला होतं. घाबरू नका, माप तेच लावायचं.

मुक्काम एकच : एडिंबरा. विमानतळावरून शहरात ट्राम येते, २०१४ पासून. किल्ला ज्वालामुखीच्या काळ्या खडकावर उभा आहे. देवगिरी बघितलेल्याला तो ओळखीचा वाटेल. मुख्य रेल्वे स्टेशन मात्र खोलगट जागेत आहे आणि जुनं शहर टेकाडावर. नकाशावर पाच मिनिटांचं दिसतं ते चढणीचं असू शकतं. म्हणून खोली घेताना अंतराबरोबर चढही विचारा. स्टर्लिंगला रेल्वेने तासाभरात जाता येतं, म्हणजे ते आपलं वेरूळ झालं.

आणि तिथला अजिंठा म्हणजे ग्लासगोहून मॅलेगला जाणारी डोंगरातली रेल्वे. फार सुंदर म्हणून सगळे सांगतात. पण एका बाजूने पाच तासांहून जास्त, आणि दिवसात गाड्या मोजक्या. जाऊन-येऊन एका दिवसात करू नये, वाटेत किंवा टोकाला मुक्काम करावा, नाहीतर सोडून द्यावी. ६० पूर्ण झालेल्या कुणालाही तिथलं सीनियर रेलकार्ड विकत घेता येतं, त्यावर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सूट मिळते. चढ-उतारायला मदत हवी असेल तर आधी कळवलं की स्टेशनवर माणूस येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. वार जसा आपल्याकडे बघितला, तसा तिकडे उजेड बघा. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आत. दिवस किती मोठा आहे त्यावर मजल ठरते.

मुलांशी बोलणं

शेवटचा मुद्दा, आणि तोच खरा अवघड. आपण निघायचं म्हटलं की मुलं म्हणतात, "एकटे कशाला जाता? काही झालं तर?" त्यांची काळजी खोटी नसते. पण काळजी आणि ताबा यांच्यात एक रेघ असते, आणि प्रेमात ती पुसट होते. आपण त्यांना लहानपणी जसं "नको जाऊस" म्हणायचो, तसंच ते आता आपल्याला म्हणतात.

यावर रुसण्यात अर्थ नाही, आणि गुपचूप निघून जाण्यातही नाही. त्यांच्यापुढे कागद ठेवावा. ही गाडी, हा डबा, ही खोली, हा फोन. औषधं हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाहीत. दोन दिवसांची जास्त घेतलीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये आहे. रेल्वेत अडचण आली तर १३९, रुग्णवाहिकेला १०८, ज्येष्ठांच्या मदतीला १४५६७. रोज रात्री आठला आम्ही फोन करू, दिवसभर तुम्ही करू नका. परवानगी मागायची नाही, माहिती द्यायची. नीट आखलेली योजना दाखवणं हाच आपण अजून आपला निर्णय घेऊ शकतो याचा पुरावा असतो. तो वाद घालून मिळत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी हे जायलाच तयार नाहीत. म्हणतात, टीव्हीवर सगळं दिसतं.

उत्तर : कांटला हे पटलं असतं. तो जन्मभर कोनिग्सबर्गच्या आसपासच राहिला आणि चाळीसेक वर्षं विद्यार्थ्यांना भूगोल शिकवला. पण त्याच्या घरी विचारणारी बायको नव्हती. ताई, त्यांना एकदम चार दिवस सांगू नका. इथून गाडीत बसून बासरला जा, सरस्वतीचं दर्शन घ्या, संध्याकाळी परत या. परत आल्यावर ते "बरं वाटलं" म्हणाले, तर दोन रात्रींचा कागद पुढे करा.

प्रश्न : एकाला बरं नसेल, पायच उचलत नसतील, तर दुसऱ्याने एकट्याने जावं का?

उत्तर : हा प्रश्न नियमात बसवू नये. दोघांनी बोलावं. पण जो अंथरुणाला आहे त्यालाही कधीकधी वाटतं, की माझ्यामुळे हिचं सगळं अडलं. ते ओझं त्याच्या मनावरून उतरवायचा एक मार्ग म्हणजे तिने दोन दिवस बहिणीबरोबर जाऊन येणं, घरी कुणी थांबायची नीट व्यवस्था लावून. आल्यावर सगळं सविस्तर सांगणं. सांगणारं कुणी असलं की खाटेवरूनही प्रवास होतो.

प्रश्न : सर, सुरुवात कधी करावी?

उत्तर : आज रात्री. जेवण झाल्यावर दोन कागद घ्या, दोन पेनं घ्या, आणि तीन-तीन ओळी लिहा. एकमेकांच्या कागदात डोकावू नका. साठ दिवसांचं आरक्षण उघडायला त्यानंतरही वेळ आहे.

वेळ झाली आहे, थांबतो.